मोबाइलवर शोधायचं की काउंटरवर विचारायचं?

सोलापुरात वाचनालयाचं नवं सभासदत्व घेतलं, की पुस्तक शोधायला दोन वाटा असतात. एक ऑनलाइन ग्रंथतालिका, म्हणजे ओपॅक. दुसरी देवघेव काउंटर आणि जिथे अजून आहेत तिथे तालिकापत्रांचे, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींच्या कार्डांचे ड्रॉवर. जुळे सोलापुरातून गावात यायचं असेल, तर निघण्याआधी ओपॅक पाहावाच. पण तिथे काही सापडलं नाही म्हणून पुस्तक वाचनालयातच नाही, असं धरून चालू नका. संगणकीकरण करताना सहसा नवी खरेदी आधी नोंदवतात, जुना संग्रह सवडीनं. शिवाय संगणक आला की नवी पत्रं लिहिणं बहुधा थांबतं. त्यामुळे अलीकडचं पुस्तक ओपॅकवर शोधावं आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या पुस्तकासाठी पत्रं चाळावीत किंवा ग्रंथपालांना विचारावं.

ओपॅकवर पूर्ण शीर्षक टाइप करू नका, एका अक्षराच्या फरकानं शोध फसतो. शीर्षकातला एखादाच वेगळा शब्द आणि लेखकाचं आडनाव पुरेसं आहे. वाचनालयात कोहा ही संगणकप्रणाली असेल, तर ‘ग्रंथ*’ असं लिहिल्यावर ग्रंथालय, ग्रंथपाल असे शब्दही येतात. तरी हाती काही लागलं नाही, तर ऱ्हस्व-दीर्घ बदलून पाहा, मग रोमन लिपीत. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये भरलेली नोंद देवनागरी शोधाला सापडतच नाही. ‘दऱ्या’सारख्या शब्दातलं जोडाक्षर दोन पद्धतींनी टाइप होतं. दिसायला ते सारखंच, संगणकाला मात्र वेगळं. असा शब्द टाळून दुसरा घ्या.

नावांचाही घोळ होतो. कुसुमाग्रजांच्या कविता त्या नावावर, तर नाटकं वि. वा. शिरवाडकर या नावावर. तालिकेत दोन्ही नावं एकमेकांना जोडलेली नसतील, तर अर्धीच पुस्तकं दिसतात, म्हणून दोन्ही नावांनी शोधा. आपल्या सोलापूरच्या शाहीर राम जोशींचं चरित्र हवं असेल, तर ‘लेखक’ नव्हे, ‘विषय’ निवडा.

सापडलेल्या नोंदीतल्या तीन गोष्टी कागदावर उतरवून घ्या: बोधांक, दाखल क्रमांक आणि स्थिती. बोधांक म्हणजे विषयानुसार दिलेला आकडा, तो कपाटापर्यंत नेतो. ड्यूई या वर्गीकरण पद्धतीत मराठी कथा-कादंबरी 891.463 खाली आणि कविता 891.461 खाली. दाखल क्रमांक नेमकी प्रत सांगतो. ‘उपलब्ध’ असूनही पुस्तक जागेवर नसेल, तर ते नुकतंच परत आलेलं असतं किंवा कुणीतरी भलत्याच कपाटात ठेवलेलं असतं. काउंटरवर दाखल क्रमांक दाखवा, शोध लवकर लागतो. ‘संदर्भ’ असेल, तर घरी मिळत नाही.

पुस्तक राखून ठेवायची सोय ओपॅकवर असेल, तर तिला लॉगिन लागतं. त्यासाठी सभासद क्रमांक आणि पहिला पासवर्ड वर्गणी भरतानाच मागून घ्या.

काउंटर सरस ठरतो तो अर्धवट आठवणाऱ्या पुस्तकासाठी. ‘निळं कव्हर, गिरणगावावरची कादंबरी’ एवढ्यावर अनुभवी ग्रंथपाल पुस्तक काढून देतात, हे कुठल्याही शोधचौकटीला जमत नाही. दिवाळी अंकांचंही तसंच. अंकाचं नाव ओपॅकवर मिळेल, आतली कथा बहुधा नाही.

कन्नड, तेलुगू, उर्दू वाचणाऱ्या सोलापूरकरांनी मात्र आधी काउंटरवरच जावं. शीर्षकं मूळ लिपीत भरली आहेत, देवनागरीत की रोमनमध्ये, हे एकदा विचारून घ्यावं, मग घरून खुशाल शोधावं. वर्गांकानं, म्हणजे ड्यूईच्या विषयाच्या आकड्यानं शोधायची सोय असेल, तर लिपीचा प्रश्नच येत नाही: कन्नड साहित्य 894.814, तेलुगू 894.827, उर्दू 891.439.