दारात छुपा कॅमेरा आमचा, मालक मात्र बसवणारा

सांगली, मिरज, कुपवाड भागात कुणी दाराशी बारका, पटकन न दिसणारा कॅमेरा बसवायच्या विचारात असेल तर आधी हे वाचा. कंपनी कुठली, मेगापिक्सल किती हे नंतर विचारा, पहिल्यांदा विचारा की अ‍ॅपमधलं अकाउंट कुणाच्या मोबाईल नंबरवर उघडणार. आमच्याकडं ते बसवणाऱ्याच्या नंबरवर उघडलं गेलं, आणि त्यानं मुद्दाम तसं केलं हे आता मला शंभर टक्के माहितीय.

आईबाबा सांगलीच्या जुन्या गावभागात जुन्या घरात दोघंच राहतात. मी कुपवाडला, भाऊ पुण्याला. घर बोळात, उंबरा ओलांडला की माणसांची ये-जा. मध्ये दारातनं भरलेली गॅसची टाकी गेली, दिवसाढवळ्या. पलीकडच्या गल्लीत एकांनी मोठा गोल कॅमेरा लावलेला तर कुणीतरी काठीनं त्याचं तोंड आभाळाकडं करून ठेवलं, म्हणून भाऊ म्हणाला दिसणारा नकोच. बाबांचं वेगळंच, त्यांना वाटायचं बोळातली माणसं म्हणतील पाळत ठेवायला लागले.

ओळखीच्या ओळखीतनं एक पोरगा आला. बोलायला गोड. "काका काळजीच करू नका, बेलच्या डब्यात बसवून देतो, कुणाच्या बापाला कळणार नाही, ४के कॅमेरा, १२८ जीबीचं कार्ड, रात्रीचं पण दिवसासारखं दिसतंय, दोन वर्षं वॉरंटी." साडेआठ हजार सांगितले. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या घरात पण शिरलेलं, त्यानंतर बाबांनी विजेचे सगळे बोर्ड वर उचलून घेतलेत, तर वरनं वायर खाली आणायची म्हणून आणखी सातशे. बिल मागितलं तर म्हणाला पक्कं पाहिजे तर १८ टक्के जीएसटी वर पडेल, कशाला उगीच. पैसे ज्या क्यूआर कोडवर घेतले त्यावर नाव कुणा बाईचं. आणि जाताना कॅमेऱ्याचा खोका, मॅन्युअल, सगळं "कचरा नको तुमच्याकडं" म्हणून पिशवीत भरून घेऊन गेला. आईला तर कौतुक वाटलं, किती नीटनेटका पोरगा म्हणून.

अ‍ॅप त्यानं स्वतःच्या फोनवर सुरू केलं, क्यूआर स्कॅन केला, कॅमेरा जोडला आणि मग बाबांच्या फोनवर "शेअर" केला. बाबांना लाइव्ह दिसायला लागलं, खूश. पण शेअर केलेला माणूस म्हणजे पाहुणा असतो हो, मालक नाही. जुनं रेकॉर्डिंग बघायचं बटण उघडत नव्हतं, सेटिंग उघडत नव्हतं, पासवर्ड बदलता येत नव्हता. फोन केला की म्हणायचा सिस्टीमच तशी असतीय काका, सेफ्टीसाठी.

रात्रीची तर मजाच. अंधार पडला की स्क्रीन पांढरीफटक, धुक्यात बघितल्यागत. नंतर भाच्यानं कारण सांगितलं (तो वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला शिकतोय). रात्री दिसायला कॅमेऱ्याच्या आत इन्फ्रारेड एलईडी असतात, म्हणजे डोळ्याला जवळपास न दिसणाऱ्या उजेडाचे बारके दिवे. कॅमेरा डब्यात घालून पुढं काळं प्लास्टिक लावलं की तो उजेड प्लास्टिकवर आपटून परत लेन्समध्येच येतो. म्हणजे छुपा बसवायचा तर लेन्स आणि एलईडी दोन्ही उघडे राहिले पाहिजेत, नाहीतर एलईडी बंद करून दारात दिवा तरी पाहिजे. हे बसवणाऱ्याला ठाऊक नसेल असं मला अजिबात वाटत नाही. तो म्हणाला दारातला बल्ब चालू ठेवत जावा रात्रभर.

आता खरी गोष्ट. आईबाबा लग्नासाठी बाहेरगावी गेलेले, घराला कुलूप. तिथं बाबांना त्याचा फोन आला, "काका गावाला गेलाय काय, दार बंदच दिसतंय. क्लाउडचा रिचार्ज संपलाय बघा, वर्षाचे चोवीसशे टाका नाहीतर कॅमेरा बंद पडेल." बाबांना आधी रिचार्जचंच टेन्शन, त्यांनी मला फोन करून विचारलं टाकू का म्हणून. माझ्या डोक्यात मात्र पहिलं वाक्य अडकलं. दार बंद दिसतंय म्हणजे ह्याला दिसतंय! कोण कधी येतं, आई भाजीला कधी जाते, दूधवाला कधी येतो, कुलूप कधी लागतं, सगळं त्या पोराच्या मोबाईलवर. चोर येऊ नये म्हणून साडेआठ हजार घालून घराचं टाइमटेबल एका अनोळखी माणसाच्या हातात दिलं गेलं होतं. आणि क्लाउड, म्हणजे रेकॉर्डिंग इंटरनेटवर साठवायची सोय, तर आम्ही घेतलंच नव्हतं, कॅमेऱ्यात कार्ड होतं, कार्डाला कसला आलाय रिचार्ज.

मी त्याच दिवशी गावभागात जाऊन वायर काढून टाकली.

भाच्यानं कॅमेरा खाली उतरवला, पिन खुपसून रिसेट केला. पण उपयोग नाही. बऱ्याच कंपन्यांचे कॅमेरे कंपनीच्या सर्व्हरवर एका अकाउंटला बांधलेले असतात, त्या अकाउंटवाल्यानं स्वतः सोडल्याशिवाय दुसऱ्याच्या नावावर जोडता येत नाहीत. ही सोय खरंतर कॅमेरा चोरीला गेला तर चोराला वापरता येऊ नये म्हणून आहे, इथं उलटी आमच्याच गळ्यात आली. कंपनीकडनं सोडवून घ्यायचं तर खरेदीचं बिल आणि खोक्यावरच्या सिरियल नंबरचा फोटो मागतात. बिल नाही, खोका तो घेऊन गेलेला. तेव्हा कळलं कचऱ्याची एवढी काळजी कशासाठी होती. त्याला फोन केला तर सरळ म्हणाला, "ताई, आयडी सोडायचे तीन हजार होतील, तो सर्व्हिस चार्ज असतोय."

मध्ये भावानं गुगलवर हेल्पलाइन नंबर शोधला तर उचलणारा पहिल्यांदाच स्क्रीन शेअरिंगचं अ‍ॅप टाका म्हणाला. भावानं फोन कट केला. असले नंबर बऱ्याचदा खोटे असतात, कंपनीच्या स्वतःच्या साइटवरनं किंवा अ‍ॅपच्या आतनंच नंबर घ्या.

कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. वर १२८ जीबी छापलेलं, विंडोजमध्ये पण जवळपास तेवढंच दाखवतंय. भाच्यानं एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर चालवलं, ते कार्ड पूर्ण भरून परत वाचून बघतं. खरी जागा निघाली ८ जीबीच्या आतबाहेर. साध्या १०८०पी कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग २ एमबीपीएसनं (सेकंदाला दोन मेगाबिट) चोवीस तास चाललं तर दिवसाला एकवीस-बावीस जीबी लागतात, म्हणजे खऱ्या १२८ मध्ये पाच-सहा दिवस मावतात आणि ह्यात जेमतेम आठ-नऊ तास. सकाळी टाकी गेली तर रात्री पुरावा गायब. आणि ४के म्हणाल तर कॅमेऱ्यानं काढलेल्या फोटोची साइज बघितली, १९२० बाय १०८०. ४के म्हणजे ३८४० बाय २१६० पाहिजे, चौपट.

कॅमेऱ्याच्या बुडाला बीआयएसचा (सरकारी मानक संस्थेचा) नोंदणीचा आर नंबर पण नव्हता. एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्हीचे सुरक्षेचे नियम सरकारनं कडक केलेत, बीआयएसच्या सक्तीच्या नोंदणीसाठी आता ते पण तपासलं जातं. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो आर नंबर टाकला की खरा का खोटा दुकानातच कळतं.

सगळ्यात वाईट प्रसंग समोरच्या वहिनींचा. आमच्या फ्रेममध्ये त्यांचं निम्मं दार येत होतं आणि आईनं त्यांना आधी सांगितलेलं, आमच्या घरचंच बघतोय हो आम्ही. आता जाऊन सांगावं लागलं की दुसराच कुणीतरी बघत होता. त्यांच्या घरात कॉलेजची पोरगी आहे. वहिनी बोलायच्याच बंद झाल्या, आणि त्यांचं काय चुकलं? २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटच्या हॉस्पिटलमधले सीसीटीव्हीचे बायकांचे व्हिडिओ ऑनलाइन विकले गेले, पकडलेल्यांत सांगलीचाही एक जण होता असं पेपरात आलेलं, ते त्यांनी वाचलेलं होतं.

तीन हजार आम्ही दिले नाहीत. भावानं आधी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला, पण ती हेल्पलाइन मुख्यतः ऑनलाइन पैसे गेले असतील तर, तेव्हा लगेच फोन केला तर पैसे पुढं सरकायच्या आत अडवता येतात. आमचं प्रकरण माल खोटा दिल्याचं, त्याला १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, हे बाबांच्या वकील मित्रानं सांगितलं आणि त्यांनीच एक कडक नोटीस लिहून स्पीड पोस्टनं पाठवली. पैसे घेतल्याचा स्क्रीनशॉट, "दार बंद दिसतंय" हे त्यानं फोननंतर व्हॉट्सअ‍ॅपवर पण लिहिलेलं तो मेसेज, कार्डच्या टेस्टचा फोटो, सगळं जोडलं. नोटीस मिळाल्यावर साहेबांनी गुपचूप आयडी सोडला. पैशाचं मात्र अजून नाव नाही, तक्रार चालू आहे.

नवीन कॅमेरा भावानं पक्क्या बिलानं आणला. अकाउंट बाबांच्या नंबरवर, शेअर आम्हा दोघांना. वायफायचा पासवर्ड पण बदलला, कारण जुना त्या पोराला माहीत होता, हे बहुतेक लोक विसरतात. लेन्स डब्याच्या बाहेर ठेवलीय, आणि वहिनींच्या दारावर अ‍ॅपमधनं प्रायव्हसी मास्क टाकून तेवढा भाग काळा केलाय. वहिनींना घरी बोलावून स्क्रीन दाखवली. चहा घेतला त्यांनी, पण अजून पहिल्यासारखं नाही.

आणि तो पोरगा? त्याचा धंदा जोरात चाललाय. परवा त्याच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला "समाधानी ग्राहक, गावभाग" लिहून एक स्क्रीनशॉट होता, हिरवं दार, बाजूला तुळस आणि पायरीवर निळ्या पट्ट्याच्या स्लिपर. ते दार आमचं आहे, स्लिपर बाबांच्या आहेत, आणि आम्ही समाधानी नाही. त्याचा पण स्क्रीनशॉट काढून वकीलकाकांकडं पाठवलाय.