बारा ऑलिंपियन, बारा साचे

जळगावात कलासाहित्याच्या एका दुकानात ऑलिंपियन, म्हणजे ऑलिंपस पर्वतावरच्या बारा मुख्य ग्रीक देवांच्या सिलिकॉन साच्यांचा संच विकायला आहे. बारा साचे, प्रत्येक दोन भागांचा, मूर्तीची उंची १५ सेंटिमीटर, किंमत ४,८०० रुपये. सिलिकॉन जाड आणि लवचीक आहे, दोन भाग खाचेत घट्ट बसतात आणि मूर्तीवर जोडाची रेघ अगदी बारीक उमटते. तक्रार आहे ती देवांच्या हातांतल्या वस्तूंबद्दल, आणि ती तक्रार लहान नाही. ग्रीक देव ओळखायचा तो मुख्यतः त्या वस्तूंवरूनच. दत्ताच्या पायाशी गाय नसेल तर आपल्याकडचा मूर्तिकार ती मूर्ती कारखान्याबाहेर जाऊ देत नाही. इथेही तोच नियम लावायला हवा.

सगळ्यात मोठी चूक हर्मिसची. पंखांचे जोडे, पंखांची टोपी, सगळं ठीक; पण काठीला एकच साप आहे. एक साप असलेली काठी वैद्यकाचा देव अ‍ॅस्क्लेपियसची. हर्मिस देवांचा निरोप्या, त्याच्या काठीवर समोरासमोर तोंड केलेले दोन साप हवेत. सुदैवाने हे दुरुस्त होतं: तांब्याची बारीक तार उलट्या दिशेने काठीभोवती गुंडाळायची, वरचं टोक पहिल्या सापाच्या तोंडासमोर वळवायचं आणि फेव्हिकॉलमध्ये कालवलेल्या पीओपीचा (प्लास्टर ऑफ पॅरिसचा) पातळ हात ब्रशने द्यायचा.

देवांचा राजा झ्यूस, त्याच्या हातात नागमोडी वीज दिली आहे, विजेच्या खांबावरच्या धोक्याच्या पाटीवर असते तशी. प्राचीन ग्रीक चित्रांत त्याचं वज्र मधे मुठीत धरायचं आणि दोन्ही टोकांना कळीसारखं फुलणारं असतं. हे तारेने जमत नाही; वीज कापून शाडूचं नवं वज्र बसवावं लागतं.

बारांच्या यादीत मद्याचा देव डायोनिसस याच्या जागी हेडिस घातला आहे. हेडिस झ्यूसचा भाऊ खरा, पण त्याचं राज्य पाताळात, म्हणून ऑलिंपसच्या बारांत त्याला सहसा धरत नाहीत. बारावी जागा कधी चुलीची देवी हेस्टियाची, कधी डायोनिससची. अथेन्समधल्या पार्थेनॉन मंदिराच्या पूर्वेकडच्या शिल्पपट्टीवर डायोनिसस बसला आहे. शिवाय पायथ्यावर नावं कोरताना घोळ झालाय: अकरा नावं ग्रीक आणि आर्टेमिसच्या खाली ‘डायना’ हे रोमन नाव. शाळेत ठेवणार असाल तर ते नाव घासून काढा.

अथेना मात्र फार सुंदर उतरते. शिरस्त्राण कपाळावर मागे सरकवलेलं, छातीवरच्या कवचाच्या मधोमध गॉर्गनचा (केसांच्या जागी साप असलेल्या राक्षसीचा) चेहरा, कवचाच्या काठाला वळवळणारे साप आणि डाव्या हातावर घुबड. घुबडाच्या डोळ्यांभोवतालची गोल वर्तुळंसुद्धा साच्यात कोरली आहेत. ती उमटावीत म्हणून साचा बांधण्याआधी छाती आणि घुबड एवढ्या भागावर पातळ माल (पाण्यात कालवलेला पीओपी) ब्रशने टोचून भरा. हे केलं नाही तर तिथे हमखास बुडबुडा राहतो आणि घुबड आंधळं निघतं.

आता माल. एका मूर्तीला २०० ग्रॅम पीओपी आणि १३० मिली पाणी पुरतं. बारांसाठी सांडलवंड धरून ३ किलो घ्या. पाण्यात पीओपी भुरभुरवायचा, पीओपीवर पाणी ओतायचं नाही, नाहीतर गुठळ्या होतात. दीड-दोन मिनिटं भिजू द्या, मग हळू ढवळा. जोरात फेटलं की हवा शिरते. खानदेशातली खरी अडचण उन्हाळ्याची आहे. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं गरम पाणी वापरलं तर माल साच्यात पोचायच्या आतच घट्ट होतो. माठातलं पाणी घ्या. भांडंही दर वेळी धुवा, कारण आधीच्या वाळलेल्या मालाचा चुरा नवा माल लवकर बसवतो. पावसाळ्यात ओल धरलेलं उघडं पोतं स्वस्तात मिळालं तरी नको. त्याची मूर्ती ठिसूळ होते.

सुरुवात अ‍ॅफ्रोडाइटीपासून करा. हा साचा १८२० साली मिलोस बेटावर सापडलेल्या पुतळ्यावरून घेतला आहे, त्यामुळे हात नाहीत आणि मोडायलाही काही नाही. (मूळ पुतळ्याचे हात तुटलेले आहेत, देवी बिनहातांची नाही, हे मुलांना सांगावं लागतं.) पोसायडनचा त्रिशूळ शेवटी ठेवा. त्यात आणि आरेसच्या भाल्यात तार घातल्याशिवाय तो साच्यातून सलग निघत नाही. तार गॅल्व्हनाइज्ड हवी. साधी लोखंडी तार गंजते आणि महिन्याभरात पांढऱ्या मूर्तीवर तांबूस डाग फुटतो. साच्याला रबर बँड दोनच लावा. चार लावले की सिलिकॉन दबतं, आणि हेराचा चेहरा तर लगेच वाकडा होतो.

मूर्ती ४० मिनिटांनी काढा आणि सावलीत तीन दिवस वाळवा. पत्र्यावर उन्हात ठेवून घाई केली तर वरचा थर भुसभुशीत होतो, बोट फिरवलं की पीठ हाताला लागतं.

संचासोबतच्या माहितीपत्रकात ‘अस्सल रूपासाठी मूर्ती पांढरीच ठेवा’ असं छापलंय. हे साफ चूक आहे. प्राचीन ग्रीक पुतळे रंगवलेले असत. पार्थेनॉनच्या शिल्पांवर इजिप्शियन निळ्या रंगाचे अंश सापडले आहेत. एक भाग फेव्हिकॉल, चार भाग पाणी असा एक हात द्या, वाळल्यावर अ‍ॅक्रिलिक लावा. धान्याची देवी डिमिटरच्या हातातल्या गव्हाच्या ओंब्यांना पिवळा गेरू शोभतो. कानबाईच्या रोटांसाठी गहू निवडणाऱ्या घरात ही देवी कोण हे वेगळं समजावावं लागणार नाही.

दुकानदार सुटे साचे ४५० रुपयांना देतो. सगळा संच नको असेल तर अथेना, डिमिटर, अ‍ॅफ्रोडाइटी आणि अपोलो हे चार घ्या; अपोलोची वीणा एका बाजूने अंगाला टेकलेली असल्याने तार न घालताही टिकते. हर्मिस दुरुस्तीची तयारी असेल तरच घ्या. हेडिस घेऊ नका.