मापाच्या चॉपस्टिक्स: वाकासा-नुरी जोडी, वर्षभर वापरून

टोकियोत निशीकासाईला येऊन तीन वर्षं झाली. त्यातली पहिली दोन वर्षं मी घरी काट्या-चमच्यानंच जेवले, कारण चॉपस्टिक्स बोटांतून सटकायच्या. चूक मापाची होती, हे काप्पाबाशीच्या भांडी-बाजारातल्या एका दुकानात कळलं. तिथल्या आजींनी माझा अंगठा आणि तर्जनी काटकोनात ताणायला लावली, टोकांमधलं अंतर मोजलं आणि त्याच्या दीडपट, म्हणजे २१ सेंटीमीटरची जोडी हातात दिली. माझी आधीची २३ची होती.

ही वाकासा-नुरी, म्हणजे फुकुई प्रांतातल्या ओबामा गावची लाखकामाची जोडी. लाखेच्या थरांत शिंपल्याचे आणि अंड्याच्या कवचाचे तुकडे बसवतात, मग घासून नक्षी वर काढतात. समुद्राचा तळ बघतोय असं वाटतं. फार सुंदर!

पण खरी किंमत वसूल होते ती मासा खाताना. टोक इतकं निमुळतं की भाजलेल्या सानमा माशाचा मधला काटा अलगद सुटून येतो. स्टीलच्या काट्यानं तोच मासा नुसता चिवडला जातो. मी मालवणची, मासा हातानंच खाणारी. बोटांच्या इतकं जवळ जाणारं दुसरं काही मला मिळालेलं नाही. चिकट जपानी भात, तोफू, सोबा नूडल्स सगळं जमतं. वरणभाताला मात्र हातच. करी-राइस तर जपानी लोकही चमच्यानंच खातात.

डिशवॉशरमध्ये घालू नका, पाण्यात भिजत ठेवू नका. माझ्या जोडीची टोकाकडची लाख जराशी झिजलीय, तरी पकड पहिल्यासारखीच आहे. आईसाठी दुसरी घेणार आहे, पण आधी फोनवरून तिच्या हाताचं माप मागवलंय.