चवथीआधीच्या शिंका: होमिओपॅथीच्या गोळ्या की कोरडं घर?

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की गोव्यात घरोघरी साफसफाई निघते. माळ्यावरचं सामान खाली येतं, गणपतीवर फळं-भाज्या टांगायची माटोळीची चौकट पुसली जाते, भिंतीवरची पावसाळी बुरशी खरवडली जाते. ॲलर्जी असलेला माणूस मात्र सकाळपासून शिंकत असतो. गोळ्या सुरू कराव्यात की आधी घराकडे बघावं, हा प्रश्न तेव्हाच पडतो.

होमिओपॅथीकडे लोक का वळतात, ते मला कळतं. ॲलर्जीच्या जुन्या प्रकारच्या गोळ्यांनी पेंग येते, साबुदाण्यासारख्या या गोळ्यांनी येत नाही. डॉक्टर निवांत ऐकूनही घेतात: तहान किती, झोप कशी, नाक झोंबतं की डोळे? नाकातलं पाणी झोंबत असेल तर कांद्यापासूनचं ॲलियम सेपा, डोळ्यांतलं झोंबत असेल तर युफ्रेशिया. शिरोड्याला होमिओपॅथीचं कॉलेजही आहे. पण या औषधांवर लिहिलेलं ‘३० सी’ म्हणजे शंभरात एक भाग, असं तीस वेळा पातळ केलेलं औषध. त्यात मूळ द्रव्य उरणं जवळपास अशक्यच. १९८६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात परागकणांच्या ॲलर्जीवर होमिओपॅथीला अनुकूल अशी एक चाचणी छापून आली होती. पुढे २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य संशोधन परिषदेने उपलब्ध अभ्यास तपासले आणि कुठल्याही आजारावर होमिओपॅथीचा खात्रीलायक पुरावा नाही, असं सांगितलं. माझ्या मते या पारड्यात वजन जास्त आहे.

आपल्याकडे पावसात त्रास देतात ते मुख्यतः बुरशी आणि गादी-उशीतले धुळीचे सूक्ष्म किडे. त्यांना ओल हवी असते. म्हणून अभ्रे-चादरी आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा, पूर्ण वाळल्याशिवाय घालू नका. बुरशी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी पुसू द्या. उकळून कोमट केलेल्या पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून रोज नाक धुवा. खर्च नगण्य, पण चिकाटी लागते, आणि बहुतेकजण आठवड्यातच कंटाळतात.

मी तुमच्या जागी असते तर महिनाभर हेच नेटाने केलं असतं. तरीही नाक चोंदलेलंच राहिलं, तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जावं. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजातही, तो विभाग आहे. ते बहुधा स्टिरॉइडचा नाकातला स्प्रे देतील. त्याचा पूर्ण गुण यायला काही दिवस ते दोनेक आठवडे लागतात, म्हणून दोन दिवसांत सोडू नका. सोबत होमिओपॅथी घ्यायची असेल तर घ्या, पण तिच्या भरवशावर दम्याचा पंप बंद करू नका. छातीत घरघर सुरू झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.