दंडघेर पट्टी: स्वस्त, चोख, पण हात बसायला हवा

सामुदायिक पोषणाच्या प्रात्यक्षिकात आणि अंगणवाडीतल्या तपासणीत मुलाच्या दंडाचा घेर मोजून कुपोषण ओळखणाऱ्या या तिरंगी पट्टीइतकं सुटसुटीत साधन नाही. वय 6 ते 59 महिने. 11.5 सेंमीपेक्षा कमी म्हणजे लाल, सॅम (तीव्र कुपोषण), 11.5 ते 12.5च्या आत पिवळा, मॅम (मध्यम कुपोषण), पुढे हिरवा.

खरी मेख मध्यबिंदूत आहे. डावा हात कोपरात काटकोनात वाकवा, खांद्याच्या हाडाच्या टोकापासून कोपराच्या टोकापर्यंत मोजून मधोमध पेनाने खूण करा. मग हात सरळ, सैल सोडा आणि खुणेवर पट्टी गुंडाळा. विद्यार्थी नेमके इथे चुकतात: अंदाजाने मध्य धरतात, नाहीतर झबल्याच्या बाहीवरूनच मोजतात. पट्टी आवळली की कातडीला चुण्या पडतात आणि हिरवं मूल पिवळ्यात जातं. सैल राहिली तर खाली फट दिसते आणि पिवळं मूल हिरव्यात सुटतं. पट्टीच्या खिडकीतला आकडा मिलिमीटरपर्यंत वाचा; नुसता रंग लिहिलेली नोंदवही संशोधनाला कुचकामी.

एक उणीव मोठी. सूज पट्टीला कळत नाही. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबा. दोन्हीकडे खळगा राहिला तर पट्टी हिरवी असली तरी मूल सॅमच.

घडी पडलेली किंवा ताणलेली पट्टी सरळ फेकून द्या.