डोटा २ ची टेक्स्ट चॅट: काही महिने वापरून, अल्ट-शिफ्टने वैतागून

डोटा २ हा पाच-पाच जणांच्या दोन टीमचा ऑनलाइन गेम. त्यातल्या चॅटबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती विंडोजच्या अल्ट-शिफ्टबद्दल.

पीसीवर इंग्रजीसोबत मराठी कीबोर्डही टाकला असेल, तर डावं अल्ट आणि शिफ्ट एकदम दाबलं की भाषा बदलते. डोटात ही दोन्ही बटणं सतत बोटाखाली असतात. शिफ्टने आपल्या हिरोला एकामागून एक ऑर्डरी रांगेला लावायच्या, अल्ट धरून स्पेलवर क्लिक केलं की टीमला त्याचा कूलडाउन (तो पुन्हा वापरता यायला किती वेळ आहे ते) कळतो. भर मारामारीत दोन्ही दाबली जातात आणि पत्ताही लागत नाही. मग एंटर मारून ‘मिड मिस’ची (मधल्या लेनमधला शत्रू दिसेनासा झालाय, सांभाळा) इंग्रजी अक्षरं बडवायची, तर इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे मराठी कीबोर्डच्या मांडणीत, उमटतं ‘सग् सगेे’. यातून बॉट (खालच्या) लेनवाल्याने काय बोध घ्यायचा? तोवर तो मेलेलाही असतो.

इलाज फुकट आहे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, इनपुट लँग्वेज हॉट कीज. तिथे चेंज की सीक्वेन्समध्ये ‘नॉट असाइन्ड’ करा. भाषा बदलायला विंडोज-स्पेस उरतंच. हे सुरुवातीपासूनच बंद का नसतं, देव जाणे.

चॅट व्हील, म्हणजे तयार वाक्यांचं चक्र, आधी पोरखेळ वाटलं होतं. आता मत बदललंय. त्यातली वाक्यं समोरच्याला त्याच्या गेमच्या भाषेत दिसतात, त्यामुळे मोडकंतोडकं इंग्रजी वाचतं. आठ जागा आहेत, त्या विनोदांत घालवू नका: मिसिंग, गेट बॅक, नीड वॉर्ड्स आधी बसवा. ते उघडायचं ‘वाय’ बटण लांब पडतं, माउसच्या बाजूच्या बटणावर घ्या.

पुणेकरांसाठी खास: गुरुवारी लाइट गेली की गेलेला माणूस चॅटमध्ये लिहिणार कसा? त्याने मोबाइलवरून मेसेज टाकायचा, टीममधल्याने एफ९ दाबून पॉज घ्यायचा आणि शिफ्ट-एंटरने समोरच्यांना कारण सांगायचं. नाहीतर ते लगेच अनपॉज करतात. पाच मिनिटं बाहेर राहिलं की ॲबंडन (सामना सोडल्याची नोंद), आणि इन्व्हर्टरवर राउटर नसेल तर ती पाच मिनिटं पटकन जातात. एक खबरदारी: शिफ्ट चुकून दाबलेलं राहिलं की रोशनला (मॅपवरच्या बड्या राक्षसाला) मारायचा बेतही समोरच्यांनाच कळतो.

माइकवाल्या हेडसेटचे पैसे मात्र वाचतात. फ्लॅटमध्ये रात्री अकरानंतर बोलायची तशीही सोय नसते. फक्त निळ्या स्विचचा मेकॅनिकल कीबोर्ड घेऊ नका, रूममेट त्यानेही उठतो.