सोलापुरातल्या सात रस्त्याजवळचं जीन टेस्टचं कलेक्शन सेंटर: औषधाची तपासणी जरूर करा, वयाचं पॅकेज नको

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली येईलच.

अण्णांना स्टेंट बसला आणि डिस्चार्ज कार्डावर क्लोपिडोग्रेल, म्हणजे रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी, आली. आमच्या हार्टच्या डॉक्टरांनी त्यासोबत एक जीन टेस्ट सुचवली, म्हणून या सेंटरला फोन लावला. अशोक चौकातल्या आमच्या बोळात पत्ता शोधताना भले भले चुकतात, पण रक्त घ्यायला येणारी मुलगी सांगितलेल्या वेळेला दारात. अण्णांचा हात आधीच सुया टोचून काळानिळा झालेला. तिने घाई केली नाही. हात खाली सोडायला लावला, नीट चाचपून शीर शोधली आणि एकाच टोचण्यात जांभळ्या झाकणाची नळी भरली. स्टिकरवरचं नाव-वय अण्णांना मोठ्याने वाचून दाखवलं, मगच नळी डब्यात ठेवली.

रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला, सगळा इंग्रजीत. खरी किंमत वसूल झाली ती त्यानंतरच्या काउन्सेलरबाईंच्या फोनवर. त्यांनी स्वच्छ मराठीत समजावलं: क्लोपिडोग्रेल गिळल्या गिळल्या काम करत नाही. लिव्हरमधलं सीवायपी२सी१९ नावाचं एन्झाइम तिला कामाचं रूप देतं. अण्णांचा निकाल स्टार १ / स्टार २, म्हणजे हे एन्झाइम बनवणाऱ्या जीनच्या दोन प्रतींपैकी एक निकामी. आयुष्य यंत्रमागावर गेलेले अण्णा लगेच म्हणाले, "म्हणजे दोन मागातला एक बंद." आपल्या दक्षिण आशियाई लोकांत निदान एक प्रत अशी असणारे निम्म्याच्या आसपास आहेत. ज्यांच्या दोन्ही प्रती निकामी, त्यांच्यासाठी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१० मध्येच या औषधावर ठळक इशारा छापायला लावला. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून गोळी बदलली. आता टिकाग्रेलॉर, सकाळ-संध्याकाळ. तिला लिव्हरने जागं करावं लागत नाही. महाग पडते, दम लागतोय का यावर लक्ष ठेवावं लागतं, पण स्टेंटमध्ये गुठळी होण्याची धास्ती मनावरून उतरली.

आता कापलेला स्टार. काउंटरवरचा मुलगा 'शरीराचं खरं वय' सांगणारं पॅकेज गळ्यात मारायला बघतो, या टेस्टच्या कितीतरी पट महाग. डीएनएवर चिकटलेल्या मिथाइल नावाच्या बारीक रासायनिक खुणांवरून वय काढण्याची पद्धत खोटी नाही. स्टीव्ह होर्वाथ या संशोधकांनी २०१३ मध्ये डीएनएवरच्या अशा ३५३ जागा वापरून तसं घड्याळ मांडलं आणि संशोधनात त्याचा उपयोग होतोच. पण अण्णांचं वय ७१ ऐवजी ७६ निघालं, तर कुठली गोळी बदलणार? मी विचारलं, उत्तर आलं नाही. संशोधनात काही सापडलं म्हणून लगेच उपचार हाती येत नाही, जीनमधून औषध निघायला वेळ लागतो. कोलेस्टेरॉल वाढवणारा पीसीएसके९ या जीनमधला दोष २००३ मध्ये फ्रेंच कुटुंबांत सापडला, त्यावरची कोलेस्टेरॉलची इंजेक्शनं मंजूर झाली २०१५ मध्ये. म्हाताऱ्या माणसाच्या घरच्यांना भीती घालून अर्धवट गोष्ट विकणं मला अजिबात पटलं नाही.

संमतीपत्रही इंग्रजीतच आहे. सॅम्पल संशोधनासाठी वापरू द्यायचा का, हा रकाना त्यात वेगळा असतो. तो समजून घेऊनच सही करा.

जाताना डिस्चार्ज कार्ड आणि चालू गोळ्यांची यादी न्या, काउन्सेलरचा फोन मराठीत हवा हे आधीच सांगा. रिपोर्ट जपून ठेवा. जीन बदलत नाही, त्यामुळे ही टेस्ट परत करायची गरज नाही, आणि ॲसिडिटीच्या किंवा डिप्रेशनच्या काही गोळ्या देतानाही डॉक्टरांना तो उपयोगी पडतो.